नऊपैकी पाच

जवळ ये. आणखी जवळ. दारात उभं राहून 'मावशी, निघतेच हं' म्हणणाऱ्या माणसांना मी काही सांगत नसते. तो मोबाइल पालथा ठेव. आणि आधी बोलणी खाऊन घे. काल जेवताना तू त्यांना 'तुझा तो वेडा मेजर' म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं नाही. विक्षिप्त म्हण, चक्रम म्हण, ते मीही म्हणते, त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. वेडा म्हणायचं नाही. कारण आधी ऐक.

आम्ही उज्जैनच्या माधव नगरला त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आलो तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. आमचे हे बँकेत. नवेनवे दिवस होते ते. गल्लीत घराघरावरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, फ्रीगंजात दोन दुकानं सोडून एक एसटीडी बूथ, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी परदेशी थंड पेयांची नावं. खाली राहायचे मेजरसाहेब आणि वहिनी. नुकतेच निवृत्त होऊन आलेले. मुलगी लग्न होऊन इंदूरला.

पहिल्याच सकाळी खालून आवाज आला, "पाँच! नौ में से पाँच!"

मी कठड्यावरून वाकून बघते तो फाटकाशी दूधवाला उभा, आणि त्याच्यासमोर मेजरसाहेब, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात जाड वही.

"यहाँ दस्तखत करो. लिखा है, दूध पतला. पढ़ लिया, समझ लिया, इसका दस्तखत."

दूधवाला म्हणाला, "साब, दूध ले रहे हो कि रजिस्ट्री करा रहे हो?"

"पंद्रह दिन में इसके खिलाफ अर्जी दे सकते हो. तुम्हारा हक है."

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने अर्जी दिली. तोंडी. "साब, भैंस बीमार थी." मेजरसाहेब सायकल काढून त्याच्या गोठ्यात गेले, म्हैस डोळ्यांनी बघून आले, आणि पाचाचे सहा केले. लाल शाईने, खाली कारण लिहून. तेव्हापासून तो दूधवाला गल्लीत दुसऱ्या कोणाचं ऐकून घेईना. म्हणायचा, "जो कहना है लिखके दो. मेजर साब लिखके देते हैं."

फौजेत अधिकाऱ्याला दर वर्षी असे नऊपैकी गुण मिळतात म्हणे. त्याला म्हणायचं सी.आर., म्हणजे गोपनीय अहवाल. मेजरसाहेबांनी तीच पद्धत गल्लीला लावली. फक्त एक बदल केला. गोपनीय काही नाही. जो गुण द्यायचा तो तोंडावर, कारण सांगून, सही घेऊन. सब्जीवाल्याला रोज, न्हाव्याला महिन्याने, आणि राम घाटावरच्या गुरुजींना वर्षातून एकदा, वडिलांच्या श्राद्धाला. मी स्वतः ऐकलंय, बरं का. पिंड ठेवून झालेले, गुरुजी पुढचा मंत्र म्हणायला तोंड उघडतात तर समोर वही. "आठ. एक कापलाय. मंत्र भरभर म्हणता. वाचा आणि सही करा."

गुरुजी म्हणाले, "मेजरसाहेब, पितर खोळंबलेत."

"खोळंबतील दोन मिनिटं. वडील ग्वाल्हेरच्या फौजेतले होते, त्यांना सवय आहे."

नऊ मात्र त्यांनी उभ्या जन्मात कुणाला दिले नाहीत.

माझाही अहवाल होता. मराठीत, वळणदार अक्षरात. 'भाडेकरू, वरचा मजला, पत्नी. स्वभाव प्रेमळ. जिना स्वच्छ ठेवतात. बोलणे वेळेवर सुरू करतात, थांबण्याची वेळ पाळत नाहीत. सहा.' मला असा राग आला! मी वहीतच खाली लिहिलं, की बोलताना माझे हात थांबत नाहीत, मी बोलता बोलता दोन किलो मटार सोलते, तेव्हा बोलण्यामुळे कामाचं नुकसान होतं असं दाखवून द्यावं. दुसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले. "बाई, तुमचं म्हणणं ग्राह्य आहे. सात." आणि अटेन्शनमध्ये उभे राहून परत गेले. आमचे हे घरातून बघत होते. लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी एवढ्या सरळपणे जिंकलेलं पाहिलं नव्हतं.

एकटी वहिनीच त्यांच्या वहीत सही करत नसे. आमटीला सात मिळाले की म्हणायची, "उद्यापासून मेसमध्ये जेवा हो. तिथे नऊची मिळते."

आता हा उपद्व्याप ते का करत, ते सांगते. कारण त्यांच्यावर कोणीतरी असं लिहिलं होतं, जे त्यांना कधी दाखवलंच नव्हतं.

मेजरचा लेफ्टनंट कर्नल होताना निवड मंडळ बसतं. मंडळ माणूस बघत नाही, कागद बघतं. वर्षानुवर्षांचे सी.आर. मेजरसाहेबांचे सगळे कागद चांगले, सात, आठ. एका वर्षी जवळच्या साहेबांनी आठ दिले, ते यांना दाखवले, यांनी सही केली. पण त्यावर आणखी वरच्या साहेबांचा शेरा असतो, तो दाखवायची पद्धत नाही. तिथे पाच पडले. नऊपैकी पाच. ऑफिसातल्या एका मित्राने पुढे कधीतरी कानात सांगितलं तेव्हा कळलं. मंडळासमोर तीनदा नाव गेलं, तीनदा परत आलं. बरोबरीचे कर्नल झाले, हे मेजर म्हणूनच घरी आले.

वरपर्यंत तक्रार केली, ती फेटाळली. मग इंदूरला कोर्टात रिट. लोक म्हणायचे, आता निवृत्त झालात, कर्नल होऊन करणार काय, पलटण थोडीच मिळणार आहे? ते म्हणायचे, "पलटण नको. मी कर्नल व्हायच्या लायकीचा होतो की नव्हतो, एवढंच मला माहीत करून घ्यायचंय. आणि ते अशा माणसाकडून, ज्याने मला पाहिलंय." बस. एवढ्यासाठी तो माणूस जगत होता. हे लक्षात ठेव, म्हणजे पुढचं कळेल.

मी यात शिरले टायपिंगमुळे. मी मॅट्रिक. फ्रीगंजच्या टायपिंग क्लासात सहा महिने बोटं आपटून आलेली, घरात एक जुनं मशीन. मेजरसाहेबांचे कागद मी टाइप करायला लागले आणि इंग्रजी तिथेच शिकले. त्यामुळे आजही मला इंग्रजीत भाजी मागता येत नाही, पण 'अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की प्रतिवादीने नैसर्गिक न्यायाची पायमल्ली केली आहे' हे झोपेत सांगता येतं.

कागद टाइप करता करताच मला मुद्दा कळला. वरचे साहेब त्या तुकडीवर नवीन आले होते. शेरा लिहायचा तर अधिकारी निदान पंच्याहत्तर दिवस हाताखाली असायला हवा, असा नियम मेजरसाहेब सांगत. आणि त्यांचं म्हणणं असं, की साहेब अर्धा वेळ कुठे कोर्सला, कुठे रजेवर. पंच्याहत्तर दिवस ते छावणीत नव्हतेच. पण सिद्ध कसं करणार? साहेब कोणत्या तारखेला होते, कोणत्या तारखेला नव्हते, हे कागद फौजेकडे. मेजरसाहेबांनी आठ पत्रं पाठवली. आठ वेळा उत्तर आलं, की पत्र मिळालं.

मग आली दिवाळीची सफाई.

वहिनीच्या स्वयंपाकघरात भिंतीला लाकडी फळ्या होत्या आणि फळ्यांवर कागद अंथरलेले. आपल्यात जुनी कॅलेंडरं कोणी टाकतं का? पाठकोरी बाजू पोरांना गणितं करायला, नाही तर फळीवर अंथरायला. मी स्टुलावर चढून हिंगाचा डबा उचलला, खालचा कागद निघेना, ओढला, तर कॅलेंडर. पाच-सहा वर्षांपूर्वीचं, छावणीतल्या सामानाबरोबर आलेलं. आणि त्यावर कितीतरी तारखांना निळ्या पेन्सिलीचे छोटे गोल.

मी विचारलं, "वहिनी, हे काय हो? दुधाचा खाडा?"

वहिनीने मान वर केली. "दूध कसलं! ते त्या साहेबांचे डबे."

"कोणत्या साहेबांचे?"

"अगं, ते नवीन आले होते ना, आपल्यातलेच, साताऱ्याकडचे. बायको-मुलं यायची होती मागून. मेसचं खाऊन कंटाळले. मग मीच डबा पाठवायची रोज. छावणीत असले की डबा, बाहेरगावी गेले की नाही. डबा गेला की गोल, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच भाजी जायला नको. एकदा लागोपाठ दोनदा दुधी गेला तर मलाच लाज वाटली."

मी स्टुलावरून उतरले. "वहिनी, हेच का ते साहेब, ज्यांनी पाच दिले?"

वहिनी झाडू घेऊन तशीच उभी राहिली. इतकी वर्षं तो साहेब तिच्या लेखी केसमधला एक साहेब होता, आणि हा डब्यातला दुसरा. दोघे एक आहेत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेजरसाहेबांनी घरात कधी नाव घेतलं नाही. हाताखालच्या माणसाने वरिष्ठाचं नाव घेऊन घरात वाईट बोलू नये, असा त्यांचा नियम. त्या एका नियमापायी पुरावा हिंगाच्या डब्याखाली पडून राहिला, आणि हे दिल्लीला पत्रं लिहीत राहिले.

"माझं वरण खाऊन पाच दिले?" वहिनी म्हणाली. मग आणखी मोठ्याने, "अहो! इकडे या! माझं वरण खाऊन त्याने पाच दिले?"

मेजरसाहेब आले. कॅलेंडर बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आम्ही तिघांनी ओट्यावर बसून गोल मोजले. एकसष्ट. ऑगस्टचा कोपरा मात्र वहिनीने फळीच्या मापाने कापून टाकला होता, शेवटच्या तीन तारखा गायब.

"तीन दिवस विवादित," मेजरसाहेब म्हणाले. "तेही त्यांच्या बाजूने धरू. चौसष्ट."

इंदूरचे वकील ते कॅलेंडर बघून पोट धरून हसले. "मेजर साहब, फौज के खिलाफ रसोई का कैलेंडर?" पण जोडलं त्यांनी, वहिनीच्या प्रतिज्ञापत्रासकट. मी टाइप केलं. 'मी दररोज डबा पाठवीत असे व त्याची नोंद ठेवीत असे' हे वाक्य कायद्याच्या भाषेत लिहिताना मला जो मान वाटला, तो आजवर कशात वाटला नाही.

तारखेला आम्ही तिघं बसने गेलो. सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, की महोदय, हा पुरावा नव्हे, ही भांडी ठेवायची चीज आहे, पाहा, यावर डागसुद्धा आहे. न्यायाधीशांनी कॅलेंडर उजेडात धरलं. "यह धब्बा किस चीज का है?"

कोणी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून वहिनी उठली. "आमटी का है, साहब. रोज नहीं गिरती थी. उस दिन जल्दी थी."

मेजरसाहेबांनी डोळे मिटून घेतले. कोर्टात विचारल्याशिवाय बोलणं म्हणजे त्यांच्या हिशेबी शिस्तीचा खून. पण न्यायाधीश खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहीत होते, आणि खांदे हलत होते त्यांचे. मग गंभीर चेहरा करून सरकारी वकिलांना म्हणाले, की कॅलेंडर राहू द्या, तुमच्याकडे साहेबांच्या हजेरीचे मूळ कागद असतीलच, ते घेऊन या.

कागद आले. वहिनीचे गोल आणि फौजेच्या तारखा जवळजवळ जुळल्या. फौजेच्या हिशेबाने बासष्ट. एका दिवसाचा फरक कशाचा, हे वहिनी आजही सांगते. त्या दिवशी तिला ताप होता, डबा गेलाच नाही.

निकाल लागला. वरच्या साहेबांचा तो शेरा रद्द.

झालं! बातमी आमच्या आधी उज्जैनला पोचली. आम्ही फाटकाशी येतो तर अर्धी गल्ली हार घेऊन उभी, आणि पुढे फ्रीगंजचा बँड, लाल कोट घालून. दूधवाला सगळ्यांत पुढे. "कर्नल साब की जय!"

"खामोश!" मेजरसाहेब ओरडले. "कोण कर्नल? कोर्टाने मला कर्नल केलेलं नाही!"

"पण केस जिंकलात ना?" समोरचे पोस्टातले काका म्हणाले.

"जिंकलो. म्हणजे तो शेरा बाजूला ठेवून मंडळाने माझा पुन्हा विचार करायचा, एवढा हुकूम झाला. कोर्ट कोणाला कर्नल करत नसतं. ते कोर्टाचं काम नाही!"

कोणाला काही कळेना. बँडमास्तर ट्रम्पेट धरून ताटकळलेला. शेवटी वहिनी पुढे झाली. "हे बघा, समझो मैंने आमटी बनाई. एक आदमी ने बिना चखे लिख दिया, फीकी है. कोर्ट आमटी नहीं चखता. कोर्ट इतना पूछता है, चखी थी क्या? नहीं चखी तो वह लिखा हुआ काटो, और जिनका काम है वो फिर से चखो. अब चखके भी फीकी लगी, तो कोर्ट नमक डालने नहीं आएगा."

पुढे मी कितीतरी वकिलांच्या तोंडून हीच गोष्ट ऐकली. इतकी स्वच्छ कोणाकडून नाही.

बँडमास्तर जरा विचार करून म्हणाला, "तो साब, बजाना है कि नहीं बजाना?"

मेजरसाहेबांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. "आधा बजाओ."

आणि बाई गं, त्यांनी खरंच अर्धं वाजवलं. धून ऐन रंगात आली तिथे मेजरसाहेबांनी हात वर केला आणि सगळी वाद्यं एकदम थांबली. एक लहानसा ढोल तेवढा दोन ठोके पुढे गेला. त्याला पाच मिळाले.

मग चार-पाच महिने आम्ही वाट बघितली. मेजरसाहेब दाखवत नसत, पण पोस्टमन यायच्या वेळेला ते रोज फाटकाचं तेलपाणी करत बसलेले दिसायचे. त्या फाटकाला इतकं तेल मिळालं, की वाऱ्यानेसुद्धा उघडायचं.

पत्र आलं. मंडळ पुन्हा बसलं होतं. तो शेरा काढून, बाकी सगळे कागद बघून, त्या वर्षीच्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांशी ताडून. निवड झाली नाही.

आमच्याकडे फोन होता, त्यांच्याकडे नव्हता. दुपारी इंदूरहून वकिलांचा फोन आला म्हणून मी त्यांना वर बोलावलं. मागोमाग वहिनीही आली, पदराला हात पुसत. वकील एवढ्या मोठ्याने बोलत होते, की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "मेजर साहब, फिर लगा देते हैं! मंडल ने कोई कारण ही नहीं दिया. लड़ने को बहुत कुछ है!"

मेजरसाहेबांनी शांतपणे विचारलं, "वकील साहब, इस बार वो नंबर सामने था?"

"नहीं, वो तो हटा दिया था."

"बाकी पूरे काग़ज़ देखे?"

"देखे ही होंगे. रिकॉर्ड में है."

"किसी ने मेरे खिलाफ कुछ छुपाके रखा?"

"ऐसा तो नहीं लगता, लेकिन..."

"तो फिर मैं इतना ही था," मेजरसाहेब म्हणाले. "धन्यवाद." आणि फोन ठेवला.

मी रडायला लागले. मला वाटलं वहिनी त्यांना सांभाळून घेईल. तिने तर इतकी वर्षं त्या केसला नावंच ठेवली होती. पण ती अशी काही भडकली! "इतना ही था म्हणजे? कोण म्हणतं? पुन्हा लावा केस! पैसे नसतील तर माझ्या पाटल्या आहेत. मी येते कोर्टात, मी सांगते त्यांना!"

"तू काय सांगणार?"

"तुम्ही कर्नल होण्यासारखे होतात, हे!"

"त्यांनी बघून ठरवलं, बाई. न बघता ठरवलं असतं तर मी जन्मभर लढलो असतो. बघून ठरवल्यावर लढायचं कशाशी?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही रडू नका. मला उत्तर मिळालं. ते मला हवं होतं तसं नाही, पण उत्तर आहे."

संध्याकाळी पाच वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि गल्लीतल्या एकेका घरी गेले. दारात उभं राहून सांगायचे, "मंडळाने पुन्हा विचार केला. निवड झाली नाही. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून आलो." चहा घ्यायला थांबले नाहीत कुठे. पोस्टातल्या काकांनी पुढे मला सांगितलं, की ते गेल्यावर आपण त्या दारात उगाच ताठ उभे राहिलो होतो, किती वेळ कोण जाणे.

त्यानंतर बारा वर्षं जगले ते. गुण देणं तसंच चालू होतं, आणि त्या दुपारबद्दल एक शब्द नाही. त्यांनी निकाल मानला. ज्या कोर्टाने त्यांना न्याय दिला, त्याच न्यायाचं उरलेलं अर्धं त्यांनी गिळलं. सांग आता, वेडा म्हणशील?

वहिनीने मात्र मानलेला नाही. ब्याऐंशी वर्षांची झाली, ऐकू कमी येतं, पण केस तारखेनिशी पाठ आहे. फाटकावर आलेल्या कुरियरवाल्यालासुद्धा थांबवून सांगते, की मंडळ चुकलं, आणि कुठे चुकलं. मी तुला मेजरसाहेबांची बाजू सांगितली. तिची बाजू ऐकल्याशिवाय तुझं मत बनवू नकोस, ते बरं नाही. सध्या ती लेकीकडे इंदूरला गेली आहे, पंधरा दिवसांनी येते. आज तुझी गाडी आहे, जा. पण तेव्हा ये लवकर, दोन दिवस काढून ये, आणि तिच्याजवळ बसून सगळं ऐक. मध्ये बोलू नकोस. ती खूप दिवस कोणी ऐकायला येईल म्हणून थांबली आहे.